ग्लेनरावांचं नाव

मी सरूचा हेडफोन बोलतोय. खरं तर बोलायचं काम तिचं, मी नुसती ने-आण करतो. पण तीच बोलत नव्हती, म्हणून ही हकिगत माझ्या वाट्याला आली.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्ध आली ती शहागंजच्या एका दुकानात, मोबाइलच्या कव्हरांच्या गर्दीत, खिळ्याला लटकलेला असताना. सरूच्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं, मला हातात घेतलं तसा दुकानदार म्हणाला, "ले जाव भाई, अमेरिका तक साफ आवाज जाएगी." लोक नव्या बायकोला गजरा नेतात. यानं मला नेलं.

सरू वैजापूरची. हळद उतरायच्या आत तिला घरबसल्या काम लागलं. इथल्या एका कारखान्यातले लोखंडी दांडे खोक्यांत भरून अमेरिकेला जायचे, त्याचं बोलणं संध्याकाळी कॉलवर व्हायचं, त्यात माल नीट भरला जातोय ना ते बघून सांगायचं काम सरूचं. तिकडे तेव्हा सकाळ. नोकरी कच्ची होती. ती पक्की करायची की नाही हे महिनाअखेरीला तिकडचा साहेब ठरवणार होता. ग्लेन त्याचं नाव. पांढऱ्या केसांचा, ढगासारखा गडगडत बोलणारा.

इंग्रजी सरूला येत होतं. क्लासच्या सरांनी तिकडची रीतही शिकवली होती. आधी मुद्दा, मग कारण. साहेबाला सर म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची, आणि बोलणं अडवायचं तर नाव घेऊनच अडवायचं. घोडं अडलं ते तिथंच. थोरल्या माणसाला नुसत्या नावानं हाक? सख्ख्या नवऱ्याला "अहो" म्हणणारी ती. ग्लेन बोलायला लागला की तिचे कान तापायचे, माझ्या गाद्या घामानं ओल्या व्हायच्या. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि आल्या पावली परत जायचा. इकडच्या मॅनेजरनं एकदा विचारलंच, "मॅडम, तुम्ही कॉलवर असता ना?"

आणि सांगण्यासारखं तर होतं. नवी खोकी दांड्यांना आखूड पडत होती. दांडे तिरपे कोंबले तर वाटेत वाकणार. कारखान्यातून आलेल्या फोटोंत हे तिला दिसलं होतं, बाकी कुणाला नाही. पुढच्या कॉलवर ग्लेन सगळा माल त्याच खोक्यांतून मागवणार होता.

मग तिनं तालीम सुरू केली. मला कानांवर चढवून, वायर कुठंच न जोडता, भिंतीकडं बघत. "ग्लेन... ग्लेन, एक मिनिट..."

सासूबाई, म्हणजे सारजाबाई, कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलंच नाही.

"कोण हाय गं ह्यो ग्लेन?"

सरूचा चेहरा उतरला. "साहेब आहेत, आत्याबाई."

"पूजेच्या दिशी नवऱ्याचं नाव घ्यायला पाहुणे ताटकळत ठेवलेस. आन् ह्या बाप्याचं सकाळधरनं जपायलीस."

सरूनं रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. खोकी, दांडे, महिनाअखेर. सारजाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मंग उखाण्यात घे की. नाव काय एकदम घ्यायचं असतंय व्हय? आधी चार शब्द पुढं जाऊ द्यायचे, त्यांच्या मागनं नाव येतंय बघ."

आणि उभ्या उभ्या म्हणाल्या,

"शहागंजच्या दुकानात चांदीचा लोटा,
ग्लेनराव, थांबा जरा, खोका पडतो छोटा."

सरूला हसूसुद्धा आलं नाही, इतकी ती घाबरली होती.

कॉलच्या संध्याकाळी ग्लेन गडगडत खोक्यांपाशी आला. सरूचा श्वास माझ्या माइकवर आदळत होता. तिनं माइक बंद केला, चांदीचा लोटा पुटपुटली, माइक चालू केला.

"ग्लेन," ती इंग्रजीत म्हणाली, "मी तुम्हाला इथं थांबवते. खोकी आखूड आहेत."

पलीकडचं गडगडणं मध्येच तुटलं. मला वाटलं, माझीच वायर तुटली.

"बोल, सरू," ग्लेन म्हणाला.

ती बोलली. आधी मुद्दा, मग कारण. त्यानं मापं पुन्हा घ्यायला सांगितली आणि पुढच्या विषयाकडं वळला. ना शाबासकी, ना राग.

महिनाअखेरीला कंपनीकडून एक पुडकं आलं. आत नवा हेडफोन, पक्क्या झालेल्या माणसांना देतात तो. एकाच वेळी दोन गोष्टी समजल्या. तिची नोकरी लागली, माझी सुटली.

आता मी भिंतीवरच्या खिळ्याला आहे, सारजाबाईंच्या मालकांच्या फोटोशेजारी. डावा कान गेलाय, दांडीला बद्रीनाथनं काळी चिकटपट्टी गुंडाळलीय. परवा दुपारी घरात कुणी नसताना सारजाबाईंनी मला खाली काढलं आणि उलटंच कानांवर चढवलं. वायरचं टोक हातात धरून बघितलं, ते कुठंच जोडलेलं नव्हतं. मग फोटोकडं बघितलं. मालक गेल्यापासून त्यांना कुणी उखाणा घ्यायला सांगितलं नव्हतं.

"रामकिसन," त्या म्हणाल्या. नुसतंच. पुढं-मागं काही नाही. जरा थांबून म्हणाल्या, "सून बोलायली आता."

ते बोलणं कुठंच गेलं नाही, माझ्यापाशीच आहे. भंगारवाल्याची गाडी दारात येईल तेव्हा मला एवढ्यात देऊ नका. त्यांचं अजून बोलायचं राहिलं असेल.