नेहमीसारखं उत्तर

मी तोंडाची फटकळ. अस्मी चार वर्षांची होती तेव्हापासून तिच्यावर ओरडत आले, "मराठीत बोल गं बाई, जीभ झिजते का तुझी?" दुबईत वाढलेली पोर. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर फेकायचं. वीस वर्षं हेच.

त्यात तिला बर्फात पोहण्याचं खूळ लागलं. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बाल्कनीत टब, टबात मासळीवाल्याकडून आणलेला बर्फ आणि आत ही बसलेली. बाहेर पंचेचाळीस डिग्री! "वेड लागलंय कार्टीला," म्हणत घड्याळ मीच लावायची. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात तिला एक किलोमीटर पोहायचं होतं, आणि सोबतच्या नावेत मी हवी हा हट्टही तिचाच. "आय कॅन हिअर यू एनीव्हेअर, आई," म्हणाली.

तिचा कोच अर्सलान. त्यानं मला दहादा बजावलं, "आंटी, हर सौ मीटर पे सवाल पूछना. जवाब हमेशा जैसा न आए, तो हाथ ऊपर. हम खींच लेंगे." थंडी डोक्यात गेली की माणूस भरकटतं म्हणे.

प्रत्यक्ष पोहायच्या दिवशी सातशे मीटरपर्यंत सगळं ठीक. मी ओरडायची, "अस्मी, बरी आहेस ना?" श्वासाला तोंड वर आलं की ती म्हणायची, "फाइन, आई!"

आठशेला विचारलं. ती म्हणाली, "आई, थंडी वाजते. मला घे ना."

मराठीत! शाळेत जायच्या आधी बोलायची ना, अगदी तसं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. बोलली एकदाची! थंडीची कुरकुर तर ती टबातही करायची. "हो गं माझी सोनी, झालंच, थोडंच राहिलं," मी म्हटलं. अर्सलाननं वल्ह्याजवळून विचारलं, "आंटी, ठीक है?"

"एकदम ठीक," मी सांगितलं. हात वर केला नाही.

नऊशेच्या आतच तिचे हात थांबले. वर ओढलं, ब्लँकेटं गुंडाळली, डॉक्टर धावले. पण खलास.

ती काय म्हणाली होती, ते मी अर्सलानला नंतर हिंदीत सांगितलं. तो खाली मान घालून बसला, मला एक शब्द बोलला नाही. बोलायला हवं होतं त्यानं.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, शेवटी मराठीत हाक मारली, तेवढंच समाधान. जळो मेलं ते समाधान!

फोनमध्ये तिचे जुने व्हॉइस मेसेज आहेत. "कमिंग, आई. डोंट शाउट." रोज लावते आणि म्हणते, बोल गं राणी, इंग्रजीतच बोल.