जन्मतारखेची बाटली

चिंगीच्या पायात रक्ताची गाठ झाली तेव्हा डॉक्टरही चक्रावले. दहा वर्षांच्या पोरीला गाठ? तिच्या रक्तात गोठणं आवरणारं प्रोटीन सी आहे का, हे बघायचं ठरलं. असलं तर सुटली. नसलं तर कायमची इंजेक्शनं. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला, पण मावशीला धीर निघेना. तिचं कामच रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर होतं.

तिच्या प्रयोगशाळेत टेबलावर काचेच्या दोन नळ्या होत्या. एक कोरी, दुसरीला आतून पेशींचं अस्तर. जन्मावेळी नाळेतून काढून दहा वर्षं बाटलीत गोठवून ठेवलेल्या पेशी. इथे बाटलीवर नाव लिहीत नसत, फक्त जन्मतारीख.

"म्हणजे या माझ्या?" चिंगीने विचारलं.

"तारीख बघ की. आता ऐक. रक्त गोठवणारा एक गडी असतो, थ्रॉम्बिन. अस्तराची पेशी त्याला खुंटीला बांधते. बांधला की तो उलटतो आणि प्रोटीन सीला जागं करतो. ते जागं झालं की गोठणं थांबवतं."

"म्हणजे दंगेखोर मुलालाच मॉनिटर करायचं!"

"अगदी!" मावशी हसली.

दोन्ही नळ्यांतून चिंगीचं रक्त सुरू झालं. कोरी नळी चार मिनिटांत तुंबली. दुसरी वीस मिनिटं वाहत राहिली. म्हणजे प्रोटीन सी आहे! मावशीच्या जिवात जीव आला.

चिंगी पाणी प्यायला बाहेर गेली. नळीत काळा धागा दिसला, आणि रक्त थांबलं.

मावशीने नळी बदलली, त्याच बाटलीतल्या पेशींची. चिंगी खोलीत असली की रक्त वाहे. बाहेर गेली की गाठ. तीनदा तेच झालं.

मग मावशीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी प्रवाहाच्या दिशेने झोपतात, ओढ्यातल्या गवतासारख्या. या मात्र आडव्या होत्या, सगळ्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे. तिथे चिंगी पाय हलवत बसली होती.

"चिंगे, जरा त्या स्टुलावर बस."

तासाभराने पेशी स्टुलाकडे वळल्या होत्या.

मावशीने प्रयोगशाळेची जुनी वही काढली. त्या तारखेला एकच नोंद होती: 'जुळ्या मुली. दुसरी रडली नाही. तिची नाळ पालकांनी संशोधनासाठी दिली.' दुसरीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. मावशीनेही तारीख बघितली आणि विचारच केला नाही.

तेवढ्यात फोन आला. चिंगीच्या रक्तात प्रोटीन सी जवळजवळ नव्हतंच.

"मग माझं रक्त वाहत कसं होतं?"

मावशीने आजवर तिचा एकही प्रश्न टाळला नव्हता. तिने चिंगीला जवळ घेतलं.

"तुला एक बहीण होती. पेशी तिच्या आहेत."

चिंगी नळीजवळ वाकली. "दमली असेल गं ती," ती म्हणाली.

वापरलेल्या पेशी ब्लीचमध्ये टाकून मारायचा नियम होता. मावशीने ब्लीचची बाटली उघडली, पुन्हा बंद केली, नळीत पेशींना जगवणारा द्रव वाहता ठेवला, आणि चिंगीचा हात धरून दवाखाना गाठला. पहिल्या इंजेक्शनची सुई टोचताना चिंगी हू की चू करेना.

सकाळी मावशीने दिवा लावून सूक्ष्मदर्शकातून नळी पाहिली. खुर्चीकडे नाही, स्टुलाकडे नाही, दाराकडेही नाही. सगळ्या पेशी प्रवाहाच्या दिशेने निवांत पसरल्या होत्या.