बाबांना सांग

भूगोलाच्या बाई आणि त्यांचा नवरा यांच्यातला अबोला चौथ्या महिन्यात शिरला होता, तेव्हा शाळेने परदेशी पाहुणीला त्यांच्याकडे उतरवायचं ठरवलं. दोन शाळांमध्ये शिक्षकांची अदलाबदल होती. इथले गणिताचे सर तिकडे गेले होते आणि तिकडची एक शिक्षिका तीन आठवडे इथे येणार होती.

"तुमच्याकडे एक जास्तीची खोली आहे ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

खोली होती, पण त्या खोलीत नवरा झोपत होता. हे काही शिक्षकांच्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. "आहे," बाई म्हणाल्या.

अबोल्याचं कारण तसं एका वाक्याचं होतं. संस्थेने दुसऱ्या शहरात नवी शाखा काढली होती आणि तिचं मुख्याध्यापकपद बाईंना देऊ केलं होतं. बाईंचा भाऊ जेवायला आला होता, त्याच्यासमोर विषय निघाला. नवरा हसत म्हणाला, "हिला? हिला घरातल्या किल्ल्या सापडत नाहीत, शाळा कुठून सापडणार?" भाऊ हसला. मुलगी हसली. बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला नकार कळवला आणि घरी येऊन मिठाची गुळणी धरली ती धरलीच. नवऱ्याने काही दिवस वाट पाहिली. मग त्यालाही राग आला. तो पाणीपुरवठ्याच्या केंद्रात काम करायचा, तिथे दिवसभर मोटारींच्या आवाजात कुणाशी बोलायचा प्रश्नच नसे. न बोलण्याची त्याला सवय होती.

घर मात्र चालायला हवं. ते मुलीच्या तोंडून चालायचं. ती आठवीत होती. तिला सगळे चिमणी म्हणत.

"चिमणी, बाबांना सांग, गॅस संपत आलाय."

"आईला सांग, उद्या मला उशीर होईल."

तिघं एकाच टेबलाशी बसलेले असत. निरोप पोचवायची गरज नसे, म्हणून चिमणीने पोचवणं कधीच सोडलं होतं. ती फक्त "हं" म्हणायची आणि जेवत राहायची.

पाहुणी आली. पन्नाशीची, उंच, पांढऱ्या आखूड केसांची. तीही भूगोलच शिकवायची. वर्षभर घरी बसून तिने इथली भाषा शिकली होती, आणि पुल्लिंग-स्त्रीलिंग सोडलं तर बरीच बोलायची. तिच्यासाठी खोली रिकामी झाली. नवऱ्याची उशी, दाढीचं सामान आणि रेडिओ बाईंच्या खोलीत आले. पलंगाच्या दोन कडांना दोघं झोपू लागले. मध्ये आणखी एक माणूस सहज मावला असता.

पाहुणी जेवताना फार लक्ष देऊन ऐकायची. कोण काय म्हणतं ते ओठांतल्या ओठांत परत म्हणून बघायची. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी तिने चमचा खाली ठेवला, चिमणीकडे वळली आणि सावकाश म्हणाली, "चिमणी, आईला सांग, भाजी खूप छान आहे."

बाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. चिमणीला ठसका लागला. नवऱ्याने ताटात मान घातली.

"बरोबर बोललो ना मी?" पाहुणीने विचारलं.

आता चूक दाखवायची म्हणजे का चूक तेही सांगणं आलं. बाई म्हणाल्या, "हो, हो. घ्या ना आणखी."

त्यानंतर तिला ते वळणच पडलं. चिमणी, बाबांना सांग, नळ गळतोय. चिमणी, आईला सांग, मी बाहेर जाऊन येतो. नवराही सवयीने उत्तर द्यायचा, "चिमणी, त्यांना सांग, संध्याकाळी बघतो." चिमणीच्या वाट्याला आता तिघांचे निरोप आले. ती घरात कमी आणि मैत्रिणीकडे जास्त दिसू लागली.

पाहुणी जाण्याच्या आदल्या दिवशी शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. सभागृहात पालक होते, शिक्षक होते. बाई मंचावर पाहुणीच्या शेजारी बसल्या होत्या. नवरा आणि चिमणी तिसऱ्या रांगेत होते. पाहुणी कागद न घेता बोलायला उभी राहिली. शाळेबद्दल बोलली, मुलांबद्दल बोलली. मग म्हणाली,

"या भाषेतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. आमच्याकडे नवरा बायकोला म्हणतो, पाणी दे. इथे असं नाही म्हणत. इथे तो मुलीला म्हणतो, आईला सांग. आई तिथेच असते, तरी. म्हणजे हुकूम नाही होत. मी ज्या घरात राहिलो, तिथे नवरा-बायको एकमेकांना एकदासुद्धा सरळ बोलले नाहीत. इतकी सभ्यता मी कुठे बघितली नाही."

आधी काही पालक हसले. मग हसणं थांबलं. शिवणाच्या बाईंनी एकदा मंचाकडे पाहिलं आणि पर्सची चेन उघडून बंद केली. मुख्याध्यापिकांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. तिसऱ्या रांगेत चिमणी आवाज न करता रडत होती, आणि तिचा बाप समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता.

पाहुणी शिक्षकांबरोबर बाहेर जेवायला गेली. बाई डोकं दुखण्याचं निमित्त सांगून घरी निघाल्या. तिघं चालत आले. दार उघडल्यावर चिमणी चपला न काढताच म्हणाली, "मी यापुढे कुणाला काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात दोघं उरले. नवऱ्याने उगीच पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"तू तिथे मंचावर चक्कर येऊन पडतेस की काय असं वाटलं मला," तो म्हणाला.

"मी नाही म्हणून कळवलं, माहीत आहे?"

"कशाला नाही?"

"शाखेला. मुख्याध्यापकपदाला."

"मला वाटलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं."

"विचारलंस?"

"तू बोलतच नव्हतीस!"

"तू बोललास ना, माझ्या भावासमोर! तेवढं पुरलं मला."

"गंमत केली गं."

"सगळे हसले. मीसुद्धा हसले. मला माझीच लाज वाटली."

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटाने पसरवत होता. "तू गेलीस तर मी इथे काय करू, हे मला सुचेना," तो म्हणाला. "ते सांगायचं कसं, तेही सुचेना. म्हणून हसलो."

"मग ते माझ्यावर ढकललंस?"

"हो."

तो कबूल झाला म्हणून बाईंचा राग उतरला नाही, उलट चढला. चार महिन्यांचं सगळं बाहेर आलं. तोही गप्प बसला नाही. त्याच्या आईच्या आजारपणापासून उशीच्या अभ्र्यांपर्यंत काही सुटलं नाही. आवाज इतका वाढला की पाहुणी कधी दार उघडून आत आली ते कुणाला कळलंच नाही. ती हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभी होती. हळूच म्हणाली, "मी चुकीचं बोललो का आज?"

दोघंही थांबले. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुम्हाला सांगायला हवं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाहुणीचे कान लाल झाले. तिने दोन-तीनदा माफी मागितली आणि गुच्छ टेबलावर ठेवून खोलीत गेली. सकाळी निघताना तिने चिमणीला जवळ घेतलं आणि बाईंशी फक्त हात मिळवला.

अबोला संपला, पण गोडवा काही लगेच आला नाही. नवरा त्या खोलीत परत गेला नाही, एवढंच. घरात भांडणं होऊ लागली. शेजारच्या काकू म्हणायच्या, हल्ली यांच्याकडे फार आवाज असतो बाई.

वर्षअखेरीला शाखेवर नेमलेले सर सोडून गेले. जागा पुन्हा रिकामी झाली. बाईंनी या वेळी कुणाचं मत विचारलं नाही. होकार कळवला आणि घरी येऊन सांगितलं. नवऱ्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मला नको वाटतंय. पण तू जा."

चिमणीने दहावीपर्यंत बाबांकडे राहायचं ठरवलं. जूनच्या पहिल्या शनिवारी नवऱ्याने पुस्तकांची खोकी दोरीने बांधली, टेम्पोत चढवली आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. बाई मागून बसने गेल्या. नव्या घराचं दार अरुंद होतं, कपाट आत जाईना. दोघंही घामाघूम झाले. आधी कुठली बाजू घालायची यावर जिन्यातच त्यांचं जुंपलं, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली डोकावून बघू लागला.