डोमाच्या तोंडाचं मुसकं

"हं, आता बोला काहीतरी," शेवटची तार कापून डॉक्टर म्हणाले.

डोमाने तोंड उघडलं. कानाखाली 'कट्' असा आवाज झाला, जुन्या पेटीची कडी निघावी तसा. दीड महिन्यानंतर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं, "साहेब, भोंग्यावर बोलता येईन ना?"

"येईल. महिनाभर नरम खा, सुपारी बंद. आणि तो आवाज राहील, त्याला घाबरू नका."

दाराशी उभी असलेली त्याची बायको शकुनबाई पिशवी आवरायला लागली.

साकोलीच्या आसपास कुठेही बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला, की बैलजोड्यांची नावं पुकारायची ती डोमानेच. भोंगा नसला तरी तो भोंगाच. कोणाच्या चुलीवर काय शिजलं, ते खाणाऱ्याच्या आधी चावडीला कळायचं. एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तेव्हा तो माइकवर ओरडत होता, "भोंगा पक्का बांधला आहे, कोणी भिऊ नका!" तेवढ्यात भोंगा झाडावरून सुटला तो नेमका त्याच्याच जबड्यावर. जबडा दोन ठिकाणी मोडला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले आणि गावात बातमी पसरली, "डोम्याले मुसकं घातलं!"

मळणीच्या बैलाने धान खाऊ नये म्हणून मुसकं घालतात. डोमाच्या मुसक्याने मात्र गावाची भलतीच सोय झाली. हनुवटीखालून डोक्यावर शेला बांधून तो घरापुढच्या सपरीत बसायचा, नळीने पेज ओढायचा, आणि माणसं येऊन त्याच्याजवळ मन मोकळं करायची. लिहून सांगेल म्हणावं, तर शाळा त्याने बाहेरूनच पाहिलेली. सरपंच पुंडलिकरावांनी सांगितलं, की गेल्या पटात पहिली आलेली आपली जोडी मोहाची दारू पाजून पळवली होती. यादोराव गुरुजींनी कबूल केलं, की गावाची इंग्रजी पत्रं ते अंदाजाने वाचतात. शेजारच्या बेबीबाईच्या सासूचा कोंबडा म्हणे रानमांजराने नेला होता. तो कोणी खाल्ला, हे बेबीबाईनेच सांगितलं.

तारा कधीतरी निघणार, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

शकुनबाई सगळ्यात शेवटी बोलली. तारा काढायच्या त्याच सकाळी, भंडाऱ्याला जायला दोघं थांब्यावर बसले असताना.

"आपली पयली पोरगी तीन दिवसांची गेली ना, तवा तुमी पटावर होते. मी तिचं नाव ठेवलं होतं. एकोणीस वर्स झाले, कोणालेच नाई सांगितलं."

डोमाने मान हलवली. ती नाव सांगणार, तेवढ्यात एसटी आली.

आता परतल्यावर गावच्या थांब्यावर पुंडलिकराव आणि गुरुजी 'सहजच' उभे होते.

"राम राम," डोमा म्हणाला. कट्.

दोघांचे चेहरे उतरले.

"बोलून राहिला का रे बाबू तू?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"हो ना. मोकळं केलं डाक्टरनं."

"तरी पण डोमाभाऊ," गुरुजी म्हणाले, "जबडा मोठी नाजूक चीज. जास्त वापरू नये."

संध्याकाळपर्यंत घरात तीन गंज भरून दूध आलं, शिरा आला. बेबीबाईने खीर धाडली. पण बसलं कोणीच नाही. भांडं ठेवायचं की पळायचं.

शकुनबाईने ताट वाढलं.

"तू सकारी काय म्हणून राहिली होती?"

"काई नाई. जेवा."

महिनाभर तेच. तोंड उघडलं आणि लोकांची तोंडं मिटली. डोमाला वाटायला लागलं, तारा होत्या तेव्हाच बरं होतं.

पटाच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव आले. "यंदा साकोलीवरून माणूस बोलावू म्हणतो पुकाराले."

"काहून? मी मेलो का?"

सरपंचांनी टोपी नीट केली. खरं कारण डोमाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोमा माइकवर होता. भोंगा यंदा त्याने लांब बांधायला लावला होता. कट्! आवाज सगळ्या मैदानावर घुमला. पुंडलिकरावांची जोडी पुढे आली.

"ही जोडी गेल्या वर्सी कशी पळाली," डोमा म्हणाला, "ते मले ठाऊक आहे!"

सरपंचांनी शेजारच्या गुरुजींचं मनगट धरलं. बेबीबाईने डोळे मिटले.

"वाऱ्यासारखी!"

सगळ्या गावाने एकदम श्वास सोडला. गुरुजींनी घाम पुसला. जोडी यंदा शुद्धीवर होती, त्यामुळे शेवटून दुसरी आली.

दिवसभर डोमाने बैलांशिवाय कोणाचंच काही सांगितलं नाही. दिवेलागणीला पुंडलिकराव हसतमुखाने सपरीत येऊन टेकले.

"डोमाभाऊ, आणखी एक गोष्ट होती बापा..."

"उद्या या," डोमा म्हणाला आणि आत गेला.

शकुनबाई चुलीपुढे बसली होती. त्याने खुंटीवरचा शेला काढला, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली आणि तिच्यासमोर मांडी घातली.

"अवो, काय झालं? दुखून राहिलं का?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने शेल्याच्या गाठीकडे पाहिलं. मग चुलीतलं लाकूड थोडं मागे ओढलं आणि तिने नाव सांगितलं. त्यानंतर कितीतरी वेळ ती बोलत होती.

मागे भात करपत होता. डोमाला वास आला, पण त्याने ते सांगितलं नाही.