नातीच्या छातीतला करंट

गिरिधरराव उभं आयुष्य विजेच्या खांबांवर चढले ते प्लास्टिकच्या भरवशावर. पकडीच्या मुठीवरचं प्लास्टिक शाबूत, तर माणूस शाबूत. ते जरासं तडकलं होतं म्हणून जोडीदार ओमप्रकाश तारेला चिकटला, तोही यांच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर चिन्मयींनी जेव्हा सांगितलं, की हे प्लास्टिक वीज वाहून नेतं आणि ते बाळाच्या छातीवर लावायचं आहे, तेव्हा त्यांना ओमप्रकाशच आठवला.

बाळ म्हणजे त्यांची नात. दिवस भरायच्या फार आधी आलेली, काचेच्या पेटीत निजलेली, ओंजळीत मावेल एवढीशी. तिचे ठोके कळावेत म्हणून छातीला चिकटपट्ट्या लावाव्या लागत, आणि त्या काढताना कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सोबत निघे. जखमेतून जंतू शिरले तर पोरीचं काही खरं नव्हतं. डॉक्टरांच्या नव्या प्लास्टिकच्या पट्टीला गोंदच नव्हता. सायीसारखी पातळ, नुसती टेकवली की बसायची, पाण्याच्या थेंबानं सुटायची. ती अजून संशोधनातली होती, म्हणून घरच्यांची परवानगी हवी होती. मुलगा गौरांग हिंगण्याहून, कारखान्यातून फोनवर म्हणाला, की विजेचं काही असलं तर बाबाच सांगतील. सून नूपुर पोटाच्या टाक्यांवर हात धरून सासऱ्यांकडे बघत राहिली.

"प्लास्टिकातून करंट सोडून राहिले तुम्ही लेकराले," गिरिधरराव म्हणाले. "मी नाही हो म्हणत."

"सोडत नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "घेतो."

"कोणाचा?"

"तिचाच. प्रत्येक ठोक्याला हृदयात इवलीशी वीज तयार होते. साध्या प्लास्टिकात तिला वाट नसते, यात ती वाट उघडून ठेवली आहे."

वीज कोराडीच्या केंद्रात तयार होते, तारांवरून येते, हे गिरिधररावांना पाठ होतं. ती छातीतही तयार होते, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शर्टाची बटणं सोडली.

"आधी मले लावा."

लावली. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत धावू लागली. त्यांनी श्वास रोखून पाहिला, तरी ती थांबेना.

"सप्लाय बंद हाये समजून खांबावर चढत होतो वं मी," ते सुनेला हळूच म्हणाले. "अन् आतला चालूच."

"हसवू नका बाबा, टाके ओढतात."

त्यांनी डॉक्टरांकडे बघून होकाराची मान हलवली. पट्टी बाळाला लागली. तिची रेघ बारीक, चिमणीसारखी टुणटुण, घाईत असलेली. संध्याकाळी नर्सनं थेंबभर पाणी लावून पट्टी उचलली, तेव्हा डॉक्टर, नूपुर आणि गिरिधरराव तिघंही पेटीवर वाकले. खालची कातडी जशीच्या तशी होती, गुलाबी.

तार चालू असल्याचा संशय आला, की जुने लायनमन पालथं बोट लावतात. झटका बसला तर हात आपसूक मागे येतो. गिरिधररावांनी कोपरापर्यंत हात धुतले, पेटीच्या खिडकीतून एक आत घातला आणि नातीच्या तळपायाला तसंच पालथं बोट टेकवलं. तिनं पाय झाडला.

हात मात्र त्यांना मागे घेववेना.