पाय गप्प झाले तेव्हा

बाबांना डायलिसिसच्या खाटेवर चार तास निजवणं म्हणजे पारा मुठीत धरणं. मशीन सुरू होऊन थोडा वेळ गेला की त्यांच्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटायला लागायचं. दुखणं नव्हे, खाजही नव्हे. पाय हलवला की थांबायचं, ठेवला की पुन्हा सुरू. जन्मभर परांचीवर उभं राहून गिलावा केलेले ते पाय चादरीखाली सायकल मारत सुटायचे.

शेजारच्या खाटेवरचे मास्तर विचारायचे, "काय मिस्त्री, आज कुठल्या गावाला?"

"तुमच्या सासुरवाडीला."

आणि मग अर्ध्यातच सिस्टरला हाक, "काढा बाई सुया."

सुया लवकर काढल्या की पाणी अंगातच राहायचं. असंच चाललं तर एक दिवस ते छातीत चढेल, हे डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून तिने खेटे घालून ते दोन पट्टे मिळवले, काही दिवस वापरून बघायच्या बोलीवर. गुडघ्याखाली बांधायचे, बटण दाबलं की तिथल्या नसेला मंद करंट बसतो आणि पाय निवतात म्हणे. घरी तान्ह्याला मोजे चढवायची, तसेच तिने ते चढवले.

"करंट देऊन मारायचा बेत आहे का गं?"

"मारायचंच असतं तर एवढी वणवण कशाला केली असती? लागतंय का ते सांगा."

"लागत नाही. कुणीतरी पोटरी धरून बसल्यासारखं वाटतंय."

त्या दिवशी पाय हलले नाहीत. चार तास पुरे झाले. सिस्टर म्हणाली, "काका, आता पार्टी पाहिजे." लेक बाथरूममध्ये जाऊन रडून आली. पुढच्या खेपेलाही तसंच. फक्त बाबा बोलेनासे झाले होते.

तिसऱ्या खेपेला छताकडे बघत ते म्हणाले, "सिस्टरला बोलव. सुया काढू दे."

"वळवळतंय का? वाढवू जरा?"

"पाय गप्प आहेत."

"मग?"

"वळवळायचे तेव्हा सगळा जीव त्यांच्याशी भांडण्यात जायचा. शिव्या घालायला तरी कुणी होतं. आता नुसता पडून बघतो. रक्त जातंय, रक्त येतंय. परवा पुन्हा हेच. हे कुठवर, असं कधी मनातच आलं नव्हतं बघ. सवड नव्हती." त्यांनी सुयांकडे बोट केलं. "आज काढ. आणि परवापासून यायला नको."

आवाज चढला नव्हता. एखाद्या इमारतीवरचं काम आटोपल्यावर माणसांना सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

नातवाची शपथ तिच्या ओठांवर आली होती. पण समोरचा माणूस रुसलेला नव्हता, समजूत कशाची घालणार? अर्ध्यात उठून का होईना, पाय वळवळत होते तोवर ते दर खेपेला येत तरी होते.

तिने चादरीखाली हात घातला. पोटरीवर तो थोडा वेळ तसाच ठेवला. मग एका पायाचं बटण दाबून धरलं, मग दुसऱ्याचं. पट्ट्यांवरचे हिरवे दिवे विझले.

आणि ती बापाला त्रास व्हायची वाट बघत बसली.

आधी अंगठा हलला. मग घोटा. बाबांनी दातओठ खाल्ले. "आली बया. हिच्या आयला हिच्या." मूठ मांडीवर आपटली. चादर उठबस करू लागली. बरंच झुंजून झाल्यावर तिनेच सिस्टरला हाक मारली, "काढा. नाही सहन होत त्यांना."

सुजलेलं पाऊल चपलेत जाईना. तिने धरून सरकवलं, तर तिच्या बोटांचे खळगे तसेच उमटून राहिले.

"बंद केलंस ना तू ते?"

"चार्जिंग संपलं असेल."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. पाय झाडत दारापर्यंत गेले.

"परवा रिक्षावाल्याला वेळेवर यायला सांग. आज उगाच ताटकळत ठेवलं त्याने."

"सांगते," ती म्हणाली.