बर्फ बुडत का नाही

जीवन सर सातपूरच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवत. विज्ञान बरं शिकवत, पण नाव होतं ते विनोदांसाठी. त्यामुळे नामपूरहून नव्यानं आलेल्या पायलनं हात वर केला, तेव्हा वर्ग आधीच हसायच्या तयारीत बसला होता.

"सर, बर्फ म्हणजे पाणीच शे ना? मग तो बुडत का नाही?"

तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात, हे सरांना माहीत होतं. बर्फाचं मात्र माहीत नव्हतं.

"शे? किती शे? दोनशे की पाचशे?"

वर्गात हशा फुटला. पायल खाली बसली. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं बारसं उरकलं होतं. "ए पाचशे, डबा सरकव."

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मॉनिटर अदनाननं व्हरांड्यात मुख्याध्यापिकांना इमानदारीत सांगितलं, "मॅडम, आमच्या वर्गात आज पाचशे गैरहजर आहे."

योगिनी मॅडम धावतच वर्गात आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि सरांना हळूच म्हणाल्या, "बरंय सर, एका विनोदात शाळेचा पट वाढवलात."

सरांनी हसून पाहिलं. जमलं नाही.

सोमवारी पायल आली. सरांनी जाहीर केलं, "आजपासून या वर्गात कोणी कोणाला हसायचं नाही."

"तुम्ही विनोद केला तरी, सर?" अदनाननं विचारलं.

"तरी."

सगळे शोकसभेला बसल्यासारखे बसले.

"पायल, तो बर्फाचा प्रश्न परत विचार ना."

ती उठली. एकेक शब्द इस्त्री करून बोलली, "काही शंका नाही आहे, सर. बर्फ हलका आहे."

"का हलका?"

"पुस्तकात तसं आहे."

सरांच्या लक्षात आलं: तिच्या तोंडचा 'शे' गेला होता, आणि जाताना प्रश्नही घेऊन गेला होता.

"त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं," सर म्हणाले. "म्हणून मी तुझ्या बोलण्यावर गेलो. चुकलं माझं."

कोणी हसलं नाही. निदान आता तरी कोणी हसावं, असं सरांना फार वाटलं.

पायल अजून उभीच होती. "मग आता येतं का?"

"अर्धं."

तिनं थोडा विचार केला. "अर्धं सांगा. बाकीचं बघू."

सर फळ्याकडे वळले, पाण्याचे कण ठिपक्यांनी काढू लागले. बर्फात ते लांब लांब का बसतात, इथपर्यंत आले आणि अडले. खडू हातात धरून तसेच फळ्यासमोर उभे राहिले.

"सर," मागून पायल म्हणाली, "जरा बाजूला व्हा. दिसत नाही."

सर बाजूला झाले.